गोदाम रंगारी आणि वाळूच्या पिशव्या

तर ब्रश हातातून सुटला, इथपर्यंत काल आलो होतो आपण. सुटला म्हणजे कुणी ओढला नाही की वाऱ्यानं नेला नाही, गोदामची बोटंच सैल पडली. पाण्याच्या उंच टाकीला पांढरा रंग देता देता त्याला वाटलं, समोरची भिंत श्वास घेतेय. पुढे येतेय, मागं जातेय. त्यानं डोळे मिटले, उघडले, तोवर ब्रश गिरक्या घेत निघालाही होता. खाली बायको उभी. तिच्यापासून हातभर अंतरावर तो आपटला आणि तिच्या पावलांवर शिंतोडे उडाले.

"अहो, टाकी रंगवायची ठरलीय, मी नव्हे!" ती खालून ओरडली.

एरवी गोदाम अशा बोलण्याला सव्याज उत्तर द्यायचा. आज त्यानं नुसता दोन्ही हातांनी दोर कवटाळला. कारण त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. उंचावर काम करणाऱ्याचा तो चामड्याचा, साखळीचा, लोखंडी आकड्याचा जाडजूड पट्टा, जो वरून सोडलेल्या दुसऱ्या दोरीला अडकवला की माणूस फळीवरून घसरला तरी लोंबकळत राहतो, जमिनीवर जात नाही. तो पट्टा खाली हातगाडीवरच्या पेटीत, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

आता कालचं ज्यांनी झोपेत ऐकलं त्यांच्यासाठी जरा मागं जातो.

गोदाम हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. रंगारी माणूस, टाक्या, धुराडी, मनोरे असली उंच कामं करणारा. पण जेवायला बसला की भांडी घाबरायची. "ह्याच्या पोटात माल जातो तो जातो, बाहेर काही निघत नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. त्यालाही ते आवडायचं. पुढे माणूस इतका वाढला, की एकदा बसायची फळीच कडकन मोडली. नशीब, जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यानंतर वर जायचं काम मेहुण्याकडे आलं आणि गोदाम खाली दोर धरायला. मेहुणा हुशार. त्यानं लग्न केलं, सासऱ्याच्या दुकानात पंख्याखाली बसला आणि वर बघणंच सोडून दिलं.

आता वर कोण जाणार? गोदामला तर जिना चढताना धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे, रात्री घोरायचा तो मध्येच श्वास थांबून दचकून उठायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं आणि ते ऑपरेशन झालं, पोटाचा मोठा भाग कापून पिशवी लहान करण्याचं. जो माणूस पातेलं रिकामं करायचा, तो आता एका अंड्याला दमायला लागला. आई त्याच्या ताटाकडे बघून म्हणायची, "अरे, चिमणीला घालतात तेवढं तरी खा!"

वजन मात्र असं उतरायला लागलं, की उतारावर सायकल सुटावी. आणि हे उतरणं मोजायला त्यांच्या घरी काट्याखेरीज आणखी एक साधन होतं, जे इतर कुणाच्या घरी असायचं कारण नाही.

ते असं. टाकीच्या कठड्याला कप्पी. कप्पीवरून जाड दोर. दोराच्या एका टोकाला फळी, तिच्यावर रंगारी. दुसऱ्या टोकाला लोखंडी आकडा आणि त्यावर अडकवलेल्या वाळूच्या छोट्या छोट्या पिशव्या. पिशव्यांचा भार रंगाऱ्याहून थोडा कमी ठेवायचा. म्हणजे खाली उभ्या माणसाला अंगातलं सगळं बळ लावावं लागत नाही. आकड्याला बांधलेली शेपटीसारखी दोरी ओढली, की पिशव्या खाली येतात आणि रंगारी वर जातो. जमिनीत पुरलेल्या खांबाला त्या दोरीचे वेढे दिले की तो तिथंच थांबतो. वेढे हळूहळू सैल करत गेलं की तरंगत खाली येतो. हे खालचं काम आता बायको करायची. तिच्या तळहातांना नवऱ्याचं वजन पाठ झालेलं होतं.

गोदाम पुन्हा वर जायला लागला त्या दिवसापासून बायको अधूनमधून म्हणायची, "अहो, आज हात दुखले नाहीत." मग ती आकड्यावरची एक पिशवी काढायची, तोंड सोडायची आणि वाळू भुर्रकन ओतून द्यायची. ते ओतताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू लहान पोरीला कुणी झोका दिलाय. संध्याकाळी घरी गेलं की आईला बातमी. आई तीच बातमी घेऊन बाहेर. भाजीवाली, शिंपी, वरच्या मजल्यावरची शिक्षिका, सगळ्यांना कळायचं, की आज आमच्याकडे अजून एक पिशवी उतरली.

आणि मग एके दिवशी सायकल सपाटीला लागली.

काटा थांबला. आठवडे गेले, काटा तिथंच. गोदामला आधी वाटलं, काटा बिघडला. तो काटा त्यानं या फरशीवरून त्या फरशीवर नेला. केस कापून आला आणि उभा राहिला. श्वास सोडून उभा राहिला. एकदा तर दात घासायच्या आधी आणि नंतर, असं दोनदा. आई म्हणाली, "अरे, दातांवरचा मळ किलोनं असतो का?"

दवाखान्यातल्या आहाराच्या ताईंनी त्याला समोर बसवून नीट सांगितलं होतं. "हे सगळ्यांचं होतं. पहिल्यांदा भराभर उतरतं, मग शरीर थांबतं, नव्या वजनाची सवय करून घेतं. तुम्ही काही चुकलेलं नाही. फक्त एक करा, घाबरून खाणं तोडू नका. अंडं, दूध, डाळ चुकवायची नाही, पाणी घोटाघोटानं दिवसभर. आणि काट्यावर रोज चढू नका."

गोदामनं मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. घरी येऊन त्यानं नेमकं उलटं केलं. अंड्याचं अर्धं केलं, दूध बंद, डाळीच्या नावानं नुसतं वरचं पाणी. "आग कमी केली की भट्टी विझते" हे त्याचं शास्त्र. भट्टी विझली, हे खरं. जिना चढताना पाय लटपटायला लागले, केसांचे पुंजके कंगव्यात यायला लागले, भर उन्हात थंडी वाजायला लागली. काटा मात्र जागचा हलला नाही.

आणि याच दिवसांत ती सकाळ आली. एका कारखान्याचं धुराडं रंगवायचं होतं. खरवडायच्या हत्यारांची पिशवी गोदाम फळीला अडकवायला विसरला. बायकोनं दोरी ओढली, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अहो! आज केवढे हलके लागताय!"

तो सांगणारच होता. "अगं, हत्यारं खालीच राहिली," हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तोवर तिनं पिशवी काढली होती, तोंड सोडलं होतं, आणि तिचा तो झोक्यावरचा चेहरा वर बघत होता. कितीतरी दिवसांनी बघत होता. गोदामनं शब्द गिळले. वर पोहोचल्यावर म्हणाला, "हत्यारं बारीक दोरीनं पाठव गं, इथं फळीवर अडचण होते." तिनं पाठवली. खाली येताना त्यानं हत्यारं आधी उतरवली आणि मग स्वतः उतरला. झालं. हत्यारांचं वजन त्याच्या नावावरून कायमचं वजा झालं.

त्या संध्याकाळी आईनं अख्ख्या गल्लीला सांगितलं.

बघा, खोटं एकदा बोललं तर फार तर जीभ चावते. खोटं एकदा दोरीला अडकवलं, की ते रोज ओढावं लागतं. आता पिशवी कमी होती. हत्यारं घेऊन वर गेला तर बायकोच्या हाताला लगेच कळणार. म्हणून हत्यारं खालीच. पुढं बायको वाट बघायला लागली, आता पुढची पिशवी कधी. मग रंगाचा डबाही मागून बारीक दोरीनं यायला लागला. जाड तळव्याचे बूट गेले, चपला आल्या. पाण्याची बाटली गेली. एवढ्यानंही हाताला फरक कळेना, तेव्हा एकच जड वस्तू उरली होती.

पट्टा बारीक दोरीनं मागवता येत नव्हता. तो कमरेला लावूनच वर जायचं असतं. गोदामचा रंगकामाचा अंगरखा ढगळ, गुडघ्यापर्यंतचा. त्याच्या आत पट्टा आहे की नाही, हे खालून दिसायचं नाही. दुसऱ्या दोरीचं टोक त्यानं अंगरख्याच्या नाडीला बांधलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागच्या जागी आहे. पहिल्या दिवशी फळीवर बसताना त्यानं दोनदा पेटीकडे वळून बघितलं. पण बायको म्हणाली, "अहो, उतरली! उतरली बघा!" आणि दुसरी पिशवी ओतली.

पहिल्या दिवशी भीती वाटली, दुसऱ्या दिवशी थोडी कमी. माणूस कशालाही सरावतो.

तर आता परत टाकीवर या. या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी दवाखान्यात तपासणी होती. तिथला काटा दोरीला भुलणार नव्हता. बायको सोबत येणार होती. निदान तो काटा थोडा तरी हलावा म्हणून गोदामनं आदल्या दिवसापासून जवळजवळ काही घेतलं नव्हतं. सकाळी कोरा चहा, तोही दोन घोट. वर ऊन, खाली ऊन, टाकीची भिंत तापलेली. आणि ब्रश सुटला.

"थांबा, दुसरा ब्रश पाठवते," बायको म्हणाली.

तिनं शेपटीची दोरी खांबाला पक्की बांधली आणि हातगाडीकडे निघाली. ब्रश पेटीत होते. पट्टाही पेटीत होता. तो ओरडणार होता, "राहू दे, चालेल मला," पण तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली. वरून त्याला सगळं दिसत होतं. ती वाकली. झाकण उघडलं. एक हात आत गेला. गोणपाट बाजूला झालं.

आणि ती तशीच राहिली. वाकलेली, हलली नाही, वरही बघितलं नाही.

गोदामला वाटलं, आता ती किंचाळेल. किंचाळली तर आपण दचकू, आणि दचकलो तर... पुढचा विचार त्यानं केला नाही. भिंत पुन्हा श्वास घ्यायला लागली होती. कानांत शिट्टी वाजत होती.

बायकोनं झाकण लावलं. पदर खोचला. खांबापाशी आली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, ब्रश काही सापडत नाही. खाली या, दोघं मिळून शोधू."

गोदामला कळलं, की तिला कळलं.

"हो," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"हो!"

"दोन्ही हात दोराला आहेत ना?"

"आहेत."

"मग सोडते हं. हळूच. तुम्ही बोलत राहा माझ्याशी."

तिनं एक वेढा सैल केला. फळी वीतभर खाली आली आणि थांबली. आणखी वीतभर. तिच्या हातांत आज जो भार होता तो तिला आता नीट कळत होता. दोन पिशव्या कमी, नवरा होता तेवढाच, आणि मागून पाठवलेली हत्यारं नि रंगाचा डबा अजून फळीलाच लटकलेला. मधला सगळा फरक तिच्या तळव्यांतून सरकत होता. एकदम सोडून भागणार नव्हतं. फळीला झटका बसला असता तर तो उलटला असता. आणि फार वेळ घेऊनही चालणार नव्हतं, कारण त्याची मान एका बाजूला कलायला लागली होती.

"अहो! माझ्या माहेरी खुर्ची कुणी मोडली?"

"काय?"

"लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा. खुर्ची कुणी मोडली?"

"तुझ्या भावानं."

"खोटं! कुणी?"

"...मी."

"एक मोडली का दोन?"

"दोन."

"आणि वडिलांना काय सांगितलंत?"

"वाळवी लागली होती म्हणून."

"लोखंडी खुर्चीला वाळवी!" ती म्हणाली, आणि आणखी एक वेढा सुटला.

एवढ्यात पंपवाला आपल्या खोलीतून बाहेर आला. टाकीचा पंप सुरू-बंद करणारा तो माणूस, दिवसभर एकटाच असल्यामुळं बोलायला भुकेलेला. त्यानं वर बघितलं. वाऱ्यानं नेमका अंगरखा उडाला होता आणि गोदामची मोकळी कंबर उघड्यावर आली होती.

"अरे बाप रे! अहो, पट्टा कुठाय यांचा? अहो, हे तर—"

बायकोनं मान वळवली आणि त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचं वाक्य घशातच अडकलं. "दादा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ओरडू नका. फळीच्या बरोबर खाली जाऊन उभे राहा. मी म्हणेन तेव्हा धरा." पंपवाला चप्पल न घालता पळाला.

आता सगळ्यात वाईट जागा आली होती. टाकीची भिंत जिथं संपते तिथं काँक्रीटची कड ओठासारखी बाहेर आलेली असते. उतरताना रंगाऱ्यानं दोन्ही पायांनी भिंतीला रेटा देऊन फळी तिच्यापासून लांब ठेवायची असते. नाहीतर फळीची एक बाजू कडेवर अडकते, दुसरी बाजू खाली जाते, आणि बसलेला माणूस वाडग्यातून सांडल्यासारखा सांडतो. पट्टा असला तर ठीक, लोंबकळेल.

"अहो, कड आली. पाय लावा."

गोदामनं पाय लावले. पाय त्याचे नव्हतेच जणू. चपला तापल्या भिंतीवर घसरत होत्या.

"लावले?"

"लावतोय."

"लावा म्हणते ना! जेवताना ताटं सरकवायचात, तसं रेटा!"

फळीची डावी बाजू कडेला घासली. खर्र असा आवाज आला. फळी कलली, गोदामचा एक कुल्ला मोकळ्या हवेत गेला, आणि अंगरख्याची नाडी तटकन तुटून दुसरी दोरी बाजूला उडाली. पंपवाल्यानं खाली डोळे मिटून घेतले. बायकोनं दोरी खांबाला आवळून धरली. सोडायची नाही आणि ओढताही येत नाही, अशी ती जागा. तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला.

"चपला काढा! अनवाणी रेटा!"

गोदामनं पाय झटकले. चपला गेल्या. तापलेल्या सिमेंटचा चटका तळव्यांना बसला आणि त्या चटक्यानं त्याला क्षणभर लख्ख जाग आली. त्या एका क्षणात अंगात होतं नव्हतं तेवढं त्यानं पायांत घातलं. फळी कडेपासून सुटली, झोका घेऊन बाहेर गेली, परत येईस्तोवर कडेच्या खाली उतरली होती. मग भिंत नव्हती, नुसती सावली होती, आणि त्या सावलीत तो भोवऱ्यासारखा गोल गोल फिरत खाली येत होता.

"बोला, अहो, बोला!"

"गरगरतंय गं."

"गरगरू दे. डोळे उघडे ठेवा."

पंपवाल्यानं फळी पकडली. गोदाम तिच्यावरून उतरला नाही, ओघळला. टाकीच्या पायाला पाठ लावून बसला. ओठ पांढरे. बायकोनं दोरीला गाठ मारली आणि आपले हात बघितले. तळवे लाल झाले होते, एका ठिकाणी साल निघाली होती. ते तिनं पदराला पुसले. पंपवाला आपल्या खोलीतून पाणी आणि दुधाचा पेला घेऊन आला.

"एकदम नाही," बायको म्हणाली. "घोट घोट. ताईंनी सांगितलंय ना? का तेही खोटंच ऐकलंत?"

एक घोट पाणी. मग दूध. पंपवाल्याला फार बोलायचं होतं, पण तो शहाण्यासारखा चपला गोळा करायला गेला.

मग बायको उठली, पेटीतून पट्टा आणला आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकला. साखळी खणखणली.

"मी तुम्हाला कधी विचारलं होतं का, किती उतरलं म्हणून? एकदा तरी?"

गोदामनं मान हलवली. नाही.

"मग मी खाली उभी राहून कुणाला सांभाळत होते इतके दिवस? पिशव्यांना?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला त्याचाच राग आला होता. "काटा थांबला तर थांबला. तो थांबला म्हणून मी तुम्हाला सोडून पळणार होते? पळायचं असतं तर तुमचं वजन दुप्पट होतं तेव्हाच पळाले असते, तुम्ही धावून पकडूही शकला नसतात!"

गोदामला हसू आलं, ते ठसक्यात गेलं, दूध नाकात गेलं. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. अर्धा ठसक्यासाठी, अर्धा बाकीच्यासाठी.

"उद्या आधी दवाखाना," ती म्हणाली. "ताईंना सगळं सांगायचं. अर्ध्या अंड्याचंसुद्धा. आणि परवा टाकी पुरी करायची आहे. वर जाणार ना? खरं तेवढं बोला. आकड्यावर किती लावू?"

गोदामनं पट्टा हातात घेतला, साखळीची कडी उलटसुलट केली, आणि मान वर न करता म्हणाला:

"काढलेल्या दोन्ही वाळू भरून परत लाव. त्या माझ्या नव्हत्याच, एक हत्यारांची होती आणि एक ह्याची. मी जाईन, खाऊन जाईन. पण आईला तू सांग गं. तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलंय, आणि तिच्यासमोर उभं राहायला मला टाकीपेक्षा जास्त भीती वाटते."